खदानीचा इतिहास आधी, कुंपणाची निविदा नंतर

प्रति,
यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी,
दोन्ही जिल्हा खनिज प्रतिष्ठानांच्या नियामक मंडळांचे सदस्य,
भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, नागपूर,
भारतीय खाण ब्यूरो, नागपूर

स. न. वि. वि.

वणी-राजूरपासून कोरपना-गडचांदूरपर्यंतच्या पट्ट्यात चुनखडीच्या आणि फायरक्लेच्या (अग्निरोधक विटांच्या मातीच्या) खदानी सोडून दिल्या की त्यांचं पुढे काय करायचं, याचे तीनच प्रस्ताव फिरून फिरून येतात: काटेरी तारेचं कुंपण, मत्स्यतळं, नाहीतर औष्णिक केंद्राच्या राखेनं भरणं. तिन्हींची अंदाजपत्रकं होतात. ती करताना खदान कशी खोदली, कोणत्या क्रमानं खोदली, काय नेलं आणि काय टाकून दिलं, हे मात्र कोणी विचारत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की खदानीचा इतिहास हा प्रस्तावनेत घालायचा परिच्छेद नाही. तो अभियांत्रिकीचा कागद आहे. तो हातात नसेल तर तिन्ही प्रस्तावांतला कोणता धोक्याचा, हे ठरवता येत नाही.

दोन खनिजं एका पट्ट्यात कशी, इथून सुरुवात करू. इथला चुनखडक पैनगंगा या खडकांच्या गटातला, सुमारे शंभर कोटी वर्षांपलीकडचा. फायरक्ले गोंडवन काळातली, कोळशाच्या थरांची सोबतीण, तीस कोटी वर्षांच्या आतली. मधला काळ कोरा आहे. म्हणजे झिजलेल्या, खाचखळग्यांच्या चुनखडकावर नंतर गोंडवन गाळ बसला. गोंडवन थर जिथे पातळ आहेत तिथे वर काळी माती, खाली मुरूम किंवा पिवळी माती, मग वाळूखडक आणि करडी चिकण फायरक्ले, आणि तळाशी चुनखडक, अशी रचना मिळू शकते. चुनखडकाचा माथा सपाट नसल्यामुळे फायरक्लेची जाडी दहा पावलांत एक मीटरवरून चार मीटरवर जाते. खोदणारे त्या जाडीमागे धावतात. म्हणून अशा खदानीचा आकार चुनखडीच्या खदानीसारखा चौकोनी राहत नाही. कडेला खिसे पडतात, आणि धोका त्या खिशांत असतो.

आता कागदाकडे. १० फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेनं ३१ खनिजं गौण ठरली, त्यांत फायरक्ले आहे. तेव्हापासून फायरक्ले राज्याकडे. सिमेंटला जाणारी चुनखडी प्रधान खनिज, म्हणून तिचा खाण आराखडा खाण ब्यूरोकडे. तोच दगड बांधकामाचा चुना भाजायला भट्टीत गेला की २०२५ पर्यंत गौण धरला जाई, म्हणजे जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे. एकच खड्डा, तीन टेबलं. चालू खदानीत हे निभतं, कारण पट्टेदार (खाणपट्टा घेणारा) तिन्हीकडे फेऱ्या मारतो. सोडून दिलेल्या खदानीला फेऱ्या मारणारा नसतो.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या खाण अधिनियम १९५२ च्या कलम ३ मध्ये यापेक्षा बारीक मेख होती. चुनखडीची उघडी खदान कुठेही सहा मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं नसतील आणि सुरुंग वापरला जात नसेल, तर तिला अधिनियमातल्या बहुतेक तरतुदी लागू होत नसत. साध्या मातीलाही ही सूट होती, पण फायरक्ले कंसात नाव घेऊन वगळली होती. तिच्यासाठी खोली कितीही कमी असो, सूट नव्हती. त्यामुळे जुन्या कागदावर ‘चुनखडी, खोली सहा मीटरच्या आत’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर ती नोंद खरी धरण्याआधी जागेवर जाऊन दोन गोष्टी बघा. एक, कडेला करडी चिकण माती उघडी आहे का. दोन, खडकाच्या उभ्या भिंतीत अर्ध्या नळीसारख्या, साधारण ३२ ते ३४ मिलिमीटर रुंदीच्या खाचा आहेत का. त्या जॅकहॅमरच्या भोकांच्या खुणा; भोक पाडून सुरुंग उडवल्याशिवाय त्या अशा अर्ध्या उरत नाहीत. हातानं, सब्बल-पाचरीनं फोडलेली भिंत खडकाच्या मूळ भेगांवरच तुटते आणि अशी नळी दाखवत नाही. दोन मिनिटांत एवढं कळतं, आणि ते कोणत्याही दाखल्यापेक्षा भरवशाचं असतं.

बंद कधी झाली, हेही महत्त्वाचं. खनिज संवर्धन व विकास नियमांत पर्यावरणाचं प्रकरण १९८८ मध्ये आलं. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठीची आर्थिक हमी २००३ मध्ये आली. २०१७ च्या नियमांनी अंतिम आराखडा बंद करण्याच्या दोन वर्षं आधी मागितला. म्हणजे २००३ च्या आधी सोडलेल्या खदानीची हमी रक्कम शोधण्यात वेळ घालवू नये, ती नसणारच. २००३ नंतर सुटलेल्या खदानीची मात्र शोधावी, आणि खर्चाचा पहिला रुपया तिथून काढावा, जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीतून नाही.

जुने कागद शोधताना एक गोष्ट हमखास चुकते. वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे कागदाची जातच वेगळी आहे. वणी वऱ्हाडात, तिथे मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी. चांदा मध्य प्रांतात, तिथे मालगुजारी. वणीकडच्या खड्ड्याची नोंद भूमापन क्रमांकाच्या मागे मागे जाऊन सापडते. वर्धेच्या पूर्वेची, चंद्रपूरकडची मालगुजाराच्या गावठाण-पडीत नोंदींत अडकलेली असते. राजुरा-कोरपना-गडचांदूर मात्र १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं, तिथले जुने कागद हैदराबादच्या महसुली दप्तरात शोधा. शिवाय आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत ‘वून’ होतं. पुराभिलेखात ‘यवतमाळ’ शोधून काही मिळालं नाही म्हणून फाइल बंद करू नका, ‘वून’ शोधा. भारतीय सर्वेक्षणाचा वणी शहराचा नकाशा ५५ एल/१६ आहे, पण पूर्वेला ७९ अंशाची रेघ ओलांडली की ५५ पी/४ लागतो. दोन्ही सोबत ठेवा. वेगवेगळ्या सालच्या आवृत्त्या एकावर एक ठेवल्या की खड्डा कोणत्या दोन सालांच्या मधे उघडला, हे बहुतेक वेळा कळतं. १९६१ च्या धातुखनिज खाण विनियमांखाली खाण सोडताना नकाशे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यायचे असतात. कलम ३ ची सूट घेतलेल्या खड्ड्यांचे तिथे मिळणार नाहीत, आणि ते न मिळणं हीसुद्धा एक माहितीच आहे.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट: घनफळाचा ताळा. रॉयल्टीच्या नोंदींवरून बाहेर गेलेला माल कळतो, मोजणीवरून पोकळी कळते, ओबीच्या (वरून काढलेल्या बिनकामाच्या माती-दगडाच्या) ढिगाऱ्यावरून टाकून दिलेला माल कळतो. तिन्ही जुळले पाहिजेत. उदाहरणादाखल शंभर मीटर लांब, साठ मीटर रुंद, सरासरी बारा मीटर खोल खड्डा घ्या. दिसणारी पोकळी ७२,००० घनमीटर. नोंदीत चुनखडी १,०४,००० टन, घनता २.६ धरली तर जागेवरचे ४०,००० घनमीटर. फायरक्ले ३८,००० टन; ओल्या मातीची घनता २.० धरली तर १९,००० घनमीटर. ढिगारा मोजला तर २६,००० घनमीटर, पण खोदलेला माल फुगतो, १.३ नं भागलं की जागेवरचे २०,००० उरतात. बेरीज ७९,०००. म्हणजे खड्ड्यातून खड्ड्यापेक्षा ७,००० घनमीटर जास्त निघालं. मोजणीची पाच टक्के चूक, ३,६०० घनमीटर, सोडून दिली तरी हिशेब बसत नाही.

याचे अर्थ दोनच. एक तर दुसऱ्या खड्ड्याचा माल या खाणपट्ट्याच्या वाहतूक पासावर गेला. नाहीतर न दिसणारी पोकळी आहे, म्हणजे फायरक्लेच्या थरामागे कोणीतरी आत शिरलं आहे. हिशेब उलटा आला, पोकळी मोठी आणि नोंद छोटी, तर तो महसुलाचा प्रश्न आहे. तो सवडीनं बघा. पोकळीपेक्षा नोंद मोठी आली तर त्या दिवशीच माणसं आणि गुरं हटवा. आमच्या मते ही एकच आकडेमोड दहा पानी पाहणी अहवालापेक्षा जास्त सांगते, आणि ती करायला तलाठी कार्यालय, खनिकर्म शाखा आणि एक सर्वेक्षक पुरतात.

आत कोरलेली गॅलरी (आडवा बोगदा) कोसळते तेव्हा काय होतं ते बघू. छत पडतं, पडलेला माल फुगतो, आणि फुगून पोकळी भरली की कोसळणं थांबतं. दोन मीटर उंचीची गॅलरी आणि फुगवटा वीस टक्के असेल, तर कोसळ सुमारे दहा मीटर वर चढून थांबते (दोन भागिले ०.२). फुगवटा तीस टक्के असेल तर साडेसहा-सात मीटरवर. वर कठीण वाळूखडक असेल तर हे गणित चालतं. काळी माती आणि पिवळी चिकण कोसळल्यावर अशी फुगून पोकळी भरत नाही, ओली झाली की वाहते. खाली पाण्याला वाट असेल तर पडलेला माल धुऊन जातो आणि पोकळी वर वर सरकतच राहते. म्हणून गॅलरीच्या उंचीच्या दहापट तरी कठीण आच्छादन नसेल, तर वरची जमीन भरवशाची नाही असंच धरून चालावं. लाकडी टेकूंवर विसंबू नका. पाण्यात कायम बुडालेलं लाकूड टिकतं. दर पावसाळ्यात भिजणारं आणि उन्हाळ्यात सुकणारं लवकर कुजतं, आणि सोडून दिलेल्या खदानीत पाण्याची पातळी दरवर्षी खालीवर होतेच.

याची किंमत इंग्लंडच्या ब्लॅक कंट्रीत, म्हणजे बर्मिंगहॅमजवळच्या जुन्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यात, मोजली गेली आहे. डडली-वॉल्सॉलची चुनखडी लोखंडाच्या भट्ट्यांना गेली, शेजारच्या स्टूरब्रिजची फायरक्ले काचेच्या भट्ट्यांच्या कुंड्यांना, दोन्ही जमिनीखालून. सोडलेल्या खाणीचा नकाशा जमा करण्याची सक्ती तिकडे १८७२ मध्ये आली, आणि चुनखडीच्या बऱ्याच खाणी त्याआधीच सुटल्या होत्या. १९७८ मध्ये वेडन्सबरीला जमीन खचली, मग १९८० च्या दशकात सरकारला सगळ्या पोकळ्या नव्यानं शोधाव्या लागल्या, आणि कोळशाच्या खाणीतली टाकाऊ माती व राख यांचं पातळ मिश्रण पंपानं आत सोडून त्या भराव्या लागल्या. आपल्याकडे १८७२ च्या जागी बंद-आराखड्याच्या सक्तीचं २००३ लिहा, बाकी गोष्ट ओळखीची आहे.

कडांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कुंपणाची निविदा तिथेच चुकते. चुनखडकाची उभी भिंत वर्षानुवर्षं उभी राहते. फायरक्ले तशी उभी राहत नाही. तिचा लिंबाएवढा सुका गोळा घ्या. नखानं ओरखडा पडतो, बोटाला साबणासारखा लागतो, जिभेला चिकटतो. तो पाण्याच्या ग्लासात सोडा आणि हलवू नका. आधी बुडबुडे येतात, मग कडेचे पापुद्रे सुटतात, आणि मऊ जातीची माती असेल तर चहा होईस्तोवर तळाशी नुसता चिखल उरतो. दगडासारखी टणक जातही असते, ती तशीच राहते. कोणती आहे हे आधी पाहा, कारण खदानीच्या कडेला दर पावसाळ्यात हेच होणार आहे. विनियमांनी माती-मुरमाच्या बाजू ४५ अंशांपेक्षा उभ्या ठेवू नयेत, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या आणि उंचीइतक्याच रुंद पायऱ्या ठेवाव्यात, असं म्हटलंय. हे चालू खदानीसाठी. ओली काळी माती कायमची ४५ अंशांत उभी राहत नाही. दोनास एक उतार धरा, ठिकाण वाईट असेल तर त्याहून पसरट. वरची माती आणि फायरक्ले मिळून आठ मीटर असतील, तर कड आज ना उद्या सोळा मीटर मागे येणार. कुंपण वीस मीटरवर हवं. कडेपासून दोन-तीन मीटरवर खांब रोवले तर पहिल्या-दुसऱ्या मोठ्या पावसाळ्यात खांबांसकट माती खाली येते, आणि वर लोंबकळणारी तार पाहून पोरं तिथेच उतरायला वाट शोधतात.

मत्स्यतळ्यासाठी किंवा मोजणीसाठी पाणी उपसायचं असेल तर घाई करू नका. पाणी असतं तोवर ते कडांना आतून आधार देतं. पंपानं ते भराभर उतरवलं की चुनखडकाच्या भेगांतून निचरा होतो, पण फायरक्लेतलं पाणी आतच अडकून राहतं. बाहेरचा आधार गेला, आतला दाब तसाच, आणि कड सरकते. दिवसाला १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे एका वितीच्या आत, आणि रोज सकाळी कडेवरच्या भेगा मोजायच्या. भेग रुंदावली की पंप बंद. मोजणीपुरतंच काम असेल तर पाणी उपसूच नये. छोटी होडी, किनाऱ्याला बांधलेली दोरी, वजन लावलेली दुसरी दोरी आणि दहा-दहा मीटरवर खोलीचं माप, एवढ्यावर भागतं. होडीत बसणाऱ्याच्या अंगात जीवरक्षक जॅकेट हवंच, कारण अशा पाण्यात काठाजवळ पाय टेकायला जागा नसते. पायरी संपली की एकदम दहा-बारा मीटर.

आता ढिगारे. फायरक्लेच्या विटेला चुनखडीचा खडा म्हणजे विष. मातीत वाटाण्याएवढा खडा राहिला तरी भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, आणि वीट बाहेर काढल्यावर तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि विटेचा टवका उडवतो. बारीक भुकटी मिसळली असेल तर ती मातीचा वितळबिंदू खाली आणते, आणि मग अग्निरोधक विटेचा अर्थच जातो. म्हणून सरमिसळ झालेली फायरक्ले गिऱ्हाईक घेत नाही, ती ढिगाऱ्यावर जाते. चुनाभट्टीवाल्यालाही माती लागलेला दगड नको असतो. दोघांनी नाकारलेला माल एका जागी साचतो: चिकण माती, त्यात दगडाचे तुकडे, वर भट्टीची राख आणि अर्धवट भाजलेले खडे. असा ढिगारा पाणी धरून ठेवतो आणि सरकतो. त्यावर रोपं लावण्याआधी तो उतरता करा आणि पायथ्याला दगडाची निचरा-नाली घाला. खड्डे घेताना भट्टीचा जुना चुना लागला तर माती अति अल्कधर्मी निघते. तिथे कोणतंही रोप जगत नाही आणि मजुरांचे हात भाजतात.

मिसळ ओळखायला दहा टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पुरे. चुनखडी फसफसते, शुद्ध फायरक्ले गप्प बसते, डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा दगड) भुकटी केल्यावर मंद फसफसतं. दर पाच मीटरवर एक नमुना घेतला तर अर्ध्या दिवसात ढिगाऱ्याचा नकाशा तयार होतो.

पाण्याच्या तपासणीतली चूक याहून महाग पडते. कोळशाशेजारच्या फायरक्लेत लोह-गंधकाचं पायराइट असू शकतं. ते हवेत सडलं की आम्ल तयार होतं, आणि शेजारी चुनखडक असल्यामुळे ते जागच्या जागी मारलं जातं. म्हणून पाण्याचा सामू ७.५ येतो आणि अहवालात ‘योग्य’ लिहिलं जातं. आम्ल गेलं, पण सल्फेट आणि कठीणपणा पाण्यातच राहिला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (१०५००, २०१२) सल्फेटची मर्यादा २०० आणि पर्याय नसेल तर ४०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, कठीणपणा २०० आणि ६००, फ्लोराइड १ आणि १.५. हे तिन्ही तपासा. फ्लोराइड या दोन्ही जिल्ह्यांत आधीच दुखणं आहे. नमुना पृष्ठभागावरून बाटली बुडवून घेऊ नका. पावसाचं हलकं पाणी वर असतं. तळापासून एक मीटर वरचा आणि मधला, असे दोन घ्या.

राखेच्या भरावाबद्दल आमचं मत इतकंच आहे की खदानीचा तळ कशाचा आहे, यावर उत्तर ठरतं. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं सोडून दिलेल्या खाणी राखेनं भरायला अटींवर मुभा दिली आहे. तळाशी फायरक्लेचा अखंड थर शिल्लक असेल तर तो नैसर्गिक अस्तरासारखा काम करतो. फायरक्ले काढून खाली चुनखडक उघडा पडला असेल, तर भेगांतून राखेचं पाणी विहिरींकडे जाऊ शकतं, आणि कोणत्या विहिरीकडे, हे आधी सांगता येत नाही. कोणता थर कुठवर काढला, हे फक्त खोदकामाच्या इतिहासातून कळतं. ते कळेपर्यंत एकही टिप्पर आत सोडू नये. वरून राख पडल्यावर तळ तपासायची सोय उरत नाही.

खर्च फार नाही. प्रतिष्ठानाचा पैसा पट्टेदारांच्या रॉयल्टीच्या दहा किंवा तीस टक्क्यांतून येतो, आणि पिण्याचं पाणी व पर्यावरण ही त्याच्या अग्रक्रमाची कामं आहेत. एका खदानीच्या इतिहासाच्या फाइलीला सर्वेक्षक, भूवैज्ञानिक आणि महसूल अभिलेख वाचू शकणारा एक कारकून, अशी तीन माणसं तीन आठवडे लागतील. यातला कारकूनच मिळत नाही. मोडी आणि जुनी फेरफार नोंदवही वाचणारा सापडला तर त्याला आधी नेमा, ड्रोनवाला कधीही मिळतो.

मोजणी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा, तेव्हा पाणी सगळ्यात खाली असतं आणि खिसे उघडे पडतात. तीच मोजणी ऑक्टोबरात पुन्हा करा. दोन्हींतल्या कडेचा फरक म्हणजे त्या पावसाळ्यात सरकलेली जमीन. आणि हे सगळं खदानीच्या फाइलीत पुरून ठेवू नका. जमीन उद्या विकली जाते, घेणारा फक्त सातबारा बघतो. ‘इतर हक्क’ रकान्यात कायदेशीर तपासणी करून एवढी नोंद घाला: ‘सोडलेली खदान, चुनखडी व फायरक्ले, मोजणीचे वर्ष, सर्वाधिक खोली, भूमिगत पोकळी आहे / नाही / शंकास्पद, कडेपासून २० मीटर बांधकाम नाही.’

आपले,
खाण-सर्वेक्षण, भूजल आणि भट्टीकामातील काही जाणकार